गुडगावच्या शेडमधले पंख

लग्न होऊन मी पुण्याहून दिल्लीला आले, त्याच हिवाळ्यात माझ्या सासऱ्यांनी सरकारी नोकरी सोडली. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. सासूबाई गरम फुलके वाढत होत्या, नवरा पेपर चाळत जेवत होता, आणि बाबा एकदम म्हणाले, "आमचा विभाग बंद करतायत. बाकीच्यांना दुसऱ्या सेक्शनमध्ये टेबलं मिळतील. मी काही टेबलावर बसणार नाही."

"मग काय करणार?" आईंनी विचारलं.

"जे करतोय तेच. ग्लायडर. सरकारला बनवायचे नसतील तर मी बनवतो."

"आणि हे घर?"

"घर सोडावं लागेल. गुडगावचा प्लॉट आहे की आपला."

"तिथे लाइट तरी आहे का?"

"येईल," बाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक फुलका मागून घेतला.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दुसरं विमान त्याला दोरानं ओढून वर नेतं, मग दोर सुटतो आणि ते नुसत्या पंखांवर, तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवर तरंगत राहतं. हे मला तोवर पुस्तकातून माहीत होतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले होते. बाबांचं आयुष्य मात्र त्यातच गेलेलं होतं. त्यांच्या विभागात लाकडी ग्लायडरांचे आराखडे व्हायचे, नमुने बनायचे आणि देशभरच्या क्लबांना जायचे. कॉलेजातली मुलं त्यांवर उडायला शिकायची. आता अर्थव्यवस्था खुली झाली होती, आणि सरकारनं स्वतः काय बनवावं आणि काय बनवू नये, याचा नव्यानं हिशेब मांडला जात होता. त्यात ग्लायडर बसत नव्हते.

मी त्या दिवसांत नोकरी शोधत होते. नव्यानं आलेल्या कंपन्यांची ऑफिसं चकाचक होती, पण मुलाखतीत पहिला प्रश्न असायचा लग्न झालंय का, आणि दुसरा मुलांबद्दलचा. अशाच एका मुलाखतीहून मी वैतागून परत आले, तेव्हा बाबा व्हरांड्यात बसले होते.

"बेटा, एक इंटरव्ह्यू मी घेऊ?" ते म्हणाले. दिल्लीत वाढलेली मराठी माणसं सुनेलाही बेटा म्हणतात, हे मला तेव्हा नवीन होतं. "पंखाची ताकद तपासताना तो उलटा टांगतात आणि त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवतात. उलटा का?"

मी क्षणभर विचार केला. "उडताना हवा पंखाला खालून वर ढकलते. वाळू वरून खाली दाबणार. म्हणून पंखच उलटा करायचा."

"सोमवारपासून ये," बाबा म्हणाले.

गुडगावचा तो प्लॉट म्हणजे सरसोंच्या शेतांमधला एक तुकडा होता. बाबांनी ऑफिसातल्या ओळखीनं तो कधीचा घेऊन ठेवला होता आणि त्यावर कोणी राहायला जाईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. आम्ही आधी पत्र्याची लांब शेड उभी केली आणि मग तिच्या एका टोकाला राहण्यापुरत्या खोल्या बांधल्या. आईंना हा क्रम मुळीच पसंत नव्हता. "आधी देव, मग चूल, मग बाकीचं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे आधी रंधा आला."

रंधा आला तो वीरजींबरोबर. वीरजी म्हणजे बाबांच्याच विभागातून निवृत्त झालेले, लाकूडकाम करणारे सरदारजी. ते भागीदार म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी शेडच्या दाराकडे बोट दाखवून बाबांना विचारलं, "साब, जहाज़ बनेगा तो निकलेगा किधर से?" दार अरुंद झालं होतं. बाबा हसले आणि दुसऱ्या दिवशी एक अख्खी बाजू पाडून तिथे सरकते पत्रे बसवले. कंपनीची सुरुवात ही अशी.

सुरुवातीला दुरुस्तीची कामं आली. क्लबांचे जुने ग्लायडर ट्रकवर आडवे बांधून यायचे, कुणाचं नाक फुटलेलं, कुणाच्या पंखाला भोक पडलेलं. मी काम शिकले ते त्यांच्यावर. पंखाचा कणा म्हणजे स्पार, त्यावर ओळीनं बसवलेल्या पातळ लाकडी फासळ्या, त्यांवर ताणून शिवलेलं सुती कापड आणि कापडावर डोप नावाचं उग्र वासाचं लॅकर. ते वाळलं की कापड ढोलाच्या कातड्यासारखं ताणलं जायचं. संध्याकाळी मी घरात शिरले की आई म्हणायच्या, "आधी केस धुऊन ये, मग स्वयंपाकघरात पाऊल टाक."

पुढच्या वर्षभरात बाबांच्या मनातलं खरं काम सुरू झालं. त्यांचा स्वतःचा आराखडा असलेला, दोघांनी बसायचा ग्लायडर. विभागात असताना तो कागदावरच राहिला होता. आकडेमोड मी नव्यानं केली, आम्ही दोघं त्यावरून भांडलो आणि तीनदा बदलून तो पक्का केला. हिमाचलमधून लाकूड आलं. वीरजींनी एकेक फळी उन्हात धरून तिचे धागे पाहिले आणि निम्म्या फळ्या परत पाठवल्या. डिसेंबर-जानेवारीत आम्ही पहिल्या पंखाचा स्पार चिकटवला. बाहेर धुकं, पत्र्यातून थंडी आत गळायची, आम्ही कानटोप्या घालून गोंद लावायचो.

चाचणीच्या दिवशी विमान वाहतूक खात्याचे निरीक्षक आले. नम्र, कमी बोलणारे गृहस्थ. पंख उलटा टांगलेला होता. आम्ही ठरलेल्या क्रमानं वाळूच्या पिशव्या ठेवत गेलो. पंखाचं टोक हळूहळू खाली वाकत होतं, तसं ते वाकायलाच हवं होतं. अपेक्षित भाराच्या बरंच अलीकडे आधी बारीक करकर ऐकू आली आणि मग एक मोठा आवाज झाला. पंख मुळापाशी मोडून खाली आला. वाळू सगळीकडे पसरली.

निरीक्षकांनी कोट झटकला आणि बाबांना म्हणाले, "कोई बात नहीं। जब तैयार हो, फिर बुला लीजिएगा।"

ते गेल्यावर बाबा खुर्चीत बसले. इतके महिने मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. नवरा ऑफिसातून आला, त्यानं मोडलेला पंख पाहिला आणि हळूच म्हणाला, "बाबा, झालं ना आता? एकदा करून बघितलं." त्याचा सूर दुखावणारा नव्हता. त्याला खरंच बापाची काळजी वाटत होती. मला मात्र बाबांच्या तसं बसून राहण्याचा राग आला. मी टॉर्च घेतला आणि मोडलेल्या तुकड्यांपाशी उकिडवी बसले.

चांगला जोड तुटतो तेव्हा लाकूड फाटतं, गोंद नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांच्या धाग्यांचे तुकडे चिकटून राहायला हवेत. इथे लांबच्या लांब पट्टा गुळगुळीत होता. फळ्या एकमेकींपासून नुसत्या सुट्या झाल्या होत्या.

"बाबा, आपला आराखडा मोडलेला नाही," मी म्हणाले. "गोंद धरलेलाच नाही. थंडीत तो वाळला, पण पक्का झाला नाही."

बाबा उठून आले. वीरजी आले. तिघांनी आळीपाळीनं त्या पट्ट्यावर बोट फिरवलं.

"तो अब?" वीरजी म्हणाले. "गर्मी तक रुकें?"

"नाही," मी म्हणाले. "शेडमध्ये उन्हाळा आणू."

म्हणायला सोपं होतं. वीज तेव्हा नुकतीच आली होती आणि असल्यापेक्षा नसायचीच जास्त. कोळशाची शेगडी पेटवायची तर भोवती डोप आणि लाकडाचा भुसा, एका ठिणगीत सगळं संपलं असतं. शेवटी मी ठरवलं की स्पारभोवती एक लांब पेटी करायची, आत बल्ब लावायचे, ते जनरेटरवर चालवायचे, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून पेटी बाहेरून झाकायची. पण इतकी लांब पेटी झाकायची कशानं? गोणपाट घालून पाहिलं. आतला थर्मामीटर हलायला तयार नव्हता.

दुपारी आई शेडमध्ये आल्या. कंपनी सुरू झाल्यापासून त्या शेडमध्ये फारशा येत नसत. चहा पाठवायच्या, स्वतः यायच्या नाहीत. त्यांनी पेटीकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं.

"याला रजया लागतील," त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि ट्रंक उघडली. त्यांच्या माहेरच्या, माझ्या रुखवतातल्या, पाहुण्यांच्या म्हणून जपून ठेवलेल्या रजया त्यांनी एकेक करून बाहेर काढल्या. एक जांभळ्या साटिनची होती. ती त्यांच्या लग्नातली होती हे मला नंतर कळलं.

"आई, याला डाग पडतील," मी म्हणाले.

"पडू देत. ठेवून तरी काय होतंय?" मग किंचित थांबून त्या म्हणाल्या, "मोडला तो आवाज आतपर्यंत आला. यांना तसं बसलेलं मला नाही बघवत."

थर्मामीटर चढला आणि चढलेलाच राहिला. रजयांखाली आम्ही नवा स्पार चिकटवला, मग दुसरा. त्यानंतर आई शेडमध्ये येऊ लागल्या त्या कायमच्या. कापड फासळ्यांना शिवून घ्यायचं काम दोघींचं असतं. पंख उभा करतात, एक या बाजूला, दुसरी त्या बाजूला, आणि मेण लावलेला दोरा लांब सुईनं आरपार एकमेकींकडे द्यायचा. आई पलीकडे, मी अलीकडे. चेहरे दिसायचे नाहीत, नुसती सुई यायची आणि बोलणं यायचं.

"मला राग कशाचा होता, सांगू?" एकदा पलीकडून आवाज आला. "नोकरी सोडल्याचा नाही. मला न विचारता सोडली, त्याचा."

"मग सांगितलंत का बाबांना?"

"सांगितलं. परवाच सांगितलं. म्हणाले, तू नाही म्हणाली असतीस. मी म्हटलं, असते. पण विचारायचं तर होतं."

सुई माझ्याकडे आली. मी गाठ मारली आणि परत दिली.

दुसऱ्या चाचणीला निरीक्षक आले तेव्हा पंखानं पूर्ण भार झेलला, आणि पिशव्या उतरवल्यावर तो परत सरळ झाला. निरीक्षकांनी पहिल्यांदाच चहा मागितला. एका क्लबच्या मैदानावर, हरियाणातच, तो ग्लायडर पहिल्यांदा वर गेला. क्लबच्या मुख्य प्रशिक्षक एक चाळिशीच्या बाई होत्या, केस बारीक कापलेले, आवाज खणखणीत. त्यांनीच तो उडवला. दोर सुटल्यावर एकदम सगळं शांत झालं. वर तो पांढरा आकार वळत होता आणि खाली बाबा मान वर करून उभे होते. उतरल्यावर बाई म्हणाल्या, "थोडा नाक भारी है। बाकी, बहुत सीधा बच्चा है।" नाकाचं आम्ही दुरुस्त केलं.

त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. क्लबांकडून मागण्या आल्या, आम्ही एकामागून एक ग्लायडर बनवले. माझी मुलगी झाली. ती शेडच्या एका कोपऱ्यात, लाकडाच्या सालपटांत खेळत मोठी होऊ लागली आणि तिला मराठीत सुतार म्हणायच्या आधी वीरजी म्हणता येऊ लागलं.

मग मागण्या थांबल्या. खुल्या बाजारानं दार उघडलं होतं ते दोन्ही बाजूंनी. परदेशातले वापरलेले फायबरचे ग्लायडर क्लबांना सहज मिळू लागले. ते आमच्यापेक्षा गुळगुळीत होते, लांब उडायचे, पावसात फुगायचे नाहीत. एका क्लबचे सचिव फोनवर मला प्रामाणिकपणे म्हणाले, "मॅडम, आपका माल अच्छा है। लेकिन लड़के अब लकड़ी पर बैठना नहीं चाहते।"

त्याच सुमाराला आमच्याभोवतीची शेतं विकली जाऊ लागली. आधी खांब आले, मग मोठमोठे फलक, मग क्रेन. बिल्डरची माणसं आमच्याकडेही येऊन गेली. नवरा जेवताना म्हणाला, "आता नाही विकलं तर मूर्खपणा होईल. मुलीचा विचार कर. तू कुठेही नोकरी करू शकतेस, यार. कंपन्या इथे दारात आल्यात."

"आल्यात," मी म्हणाले. "पण त्या इथे काही बनवत नाहीत."

"तुला हे बाबांसाठी करायचंय की स्वतःसाठी?"

मी खरं उत्तर दिलं. "स्वतःसाठी."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "बाबांसाठी म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो."

बाबांचे हात तोवर थरथरू लागले होते. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पेन्सिल त्यांच्या हातात टिकेना. दुपारी ते माझ्या ड्रॉइंग बोर्डशेजारी बसायचे आणि तोंडानं सांगायचे, मी काढायचे. क्लबांना ग्लायडर परदेशातून मिळत होते, पण त्यांना वर ओढून नेणारी विमानं जुनी होऊन कोसळायच्या बेताला आली होती. म्हणून आम्ही छोटं, दोन आसनी विमान करायचं ठरवलं. ग्लायडर ओढू शकेल, कच्च्या धावपट्टीवर उतरू शकेल आणि जे खेड्यातल्या वर्कशॉपमध्येही दुरुस्त होईल असं. इंजिन बाहेरून आणायचं, बाकी सगळं इथलं. ज्या क्लबचे सचिव मला लाकडाबद्दल बोलले होते, त्यांनीच पहिलं विमान मागितलं.

ते तयार व्हायला आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागला. मी एकटी खात्याच्या खेपा घालायचे, एकेक चाचणी पुन्हा करायचे. आणि तेवढ्या वेळात आमच्या शेडच्या तोंडासमोर भिंत उभी राहिली.

ती नव्या कॉलनीची कुंपणभिंत होती. आमची मोठ्या रस्त्याला जाणारी शेतवाट त्या भिंतीच्या पलीकडे गेली आणि आमच्यासाठी बाजूनं एक गल्ली उरली, तिला काटकोनात वळण. विमानाचा सांगाडा कसाबसा त्या वळणातून निघाला असता. पंख निघणं शक्य नव्हतं. एकेक पंख मिनीबसच्या लांबीचा होता आणि तो मधून कापता येत नाही.

मी कॉलनीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, घरात नवीन सोफ्यावर अजून प्लास्टिक होतं. मी म्हणाले की पंख भिंतीवरून उचलून घेतो, कॉलनीच्या रस्त्यानं गेटपर्यंत नेतो, एक सकाळ पुरेल.

"जहाज़ के पंख?" ते म्हणाले. "मैडम, किसी की गाड़ी पर गिर गया तो? बिल्डर से लिखवाकर लाइए."

बिल्डरच्या ऑफिसातल्या तरुणानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "शेड हमें दे दीजिए। पंख अंदर ही रहने दीजिए, हम क्लब हाउस में टाँग देंगे."

घरी येईपर्यंत माझे कान तापले होते. बाबा म्हणाले, "कोर्टात जाऊ." कोर्टात गेलो असतो तर विमान तिथेच म्हातारं झालं असतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या बागेत गेले. तिथे लोक फेऱ्या मारायला यायचे. मी ओळखपाळख नसताना प्रत्येकाला थांबवलं. "नमस्ते, मी भिंतीपलीकडे राहते. आम्ही तिथे विमान बनवलंय. बघायला याल?" अर्थात हे सगळं हिंदीत. काही जण हात हलवून पुढे गेले. एका बाईनं मला विमा विकणारी समजून नको म्हटलं. पण दोघी जणी आल्या, मग त्यांची मुलं, आणि मुलांमागून त्यांचे बाप. आईंनी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या आणि कांदेपोहे केले. लोक पंखाला हात लावून बघायचे, कापड वाजवून बघायचे. एक मुलगी आईंना म्हणाली, "आंटी, ये आपने सिला है? सच में?" आईंनी तिला सुई हातात देऊन दाखवलं कशी शिवायची ती.

आठवडाभर मी रोज बागेत गेले. रविवारी सेक्रेटरी स्वतः आले. त्यांनी विमानाभोवती फेरी मारली, खुर्चीत बसलेल्या बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "अंकलजी, ये उड़ेगा?"

"बिल्कुल उड़ेगा," बाबा म्हणाले. "आप निकलने देंगे तो."

सेक्रेटरी जरा ओशाळले. "अगले इतवार. गाड़ियाँ मैं हटवा दूँगा."

त्या रविवारी भिंतीच्या दोन्ही बाजूंना शिड्या लावल्या, भिंतीच्या माथ्यावर गाद्या टाकल्या. अलीकडे आम्ही, वीरजी, शेडमधली माणसं आणि नवरा. पलीकडे ट्रॅकसूट आणि नाइटगाऊनवर शाल घेतलेली कॉलनी. बाबा खुर्चीतून हुकूम सोडत होते. "फासळीला हात नको! कण्याला धरा, कण्याला!" वीरजी तेच पंजाबीत ओरडायचे. पंखाचं टोक भिंतीवरून गेलं, मधला भाग गाद्यांवर टेकला, आणि एक क्षण असा आला की अर्धा पंख आमच्या हातात होता नि अर्धा अशा लोकांच्या हातात, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती.

"छोड़ें?" पलीकडून आवाज आला.

"नाही! नाही!" मी मराठीतच ओरडले. सगळ्यांना कळलं.

नवऱ्यानं शिडीवर चढून मुळाकडचा जड भाग खांद्यावर घेतला. त्याचा शर्ट फाटला, त्यानं सोडलं नाही. पंख पलीकडे गेला. मग दुसरा. कॉलनीच्या स्वच्छ, नव्या रस्त्यावरून दोन लांब पंख माणसांच्या खांद्यांवर गेटकडे निघाले आणि बाल्कन्यांतून लोक टाळ्या वाजवू लागले. मी मागून चालत होते. गेटपाशी ट्रकवर पंख बांधून झाले तेव्हा मी गार्डच्या स्टुलावर बसले. सेक्रेटरींनी मला पाणी आणून दिलं.

त्या विमानाच्या उड्डाणालाही त्याच प्रशिक्षक बाई आल्या. आता त्यांचे केस पिकले होते. त्यांनी आधी एकट्यानं उडवलं, बऱ्याच वेळा, निरीक्षकांचं समाधान होईपर्यंत. आणि त्यानंतर एका दुपारी त्या उतरल्या आणि बाबांच्या खुर्चीपाशी येऊन म्हणाल्या, "चलिए."

बाबांनी मान हलवली. "मी नाही. हिला न्या."

"बाबा, तुम्ही जा," मी म्हणाले.

"अगं, माझे हात बघ. चालवायच्या दांड्याला लागले तर? तू जा. तू बघून मला सांग."

मी गेले. मी इतकी वर्षं पंख बनवले होते, पण आमच्या स्वतःच्या ग्लायडरमध्येही कधी बसले नव्हते. चाकं जमिनीपासून सुटली ते मला आधी कळलंच नाही, खडखड थांबली तेव्हा कळलं. वरून हरियाणाची शेतं, वीटभट्ट्या, आणि क्षितिजाकडे गुडगावच्या अर्धवट इमारती, त्यांवरच्या क्रेन. मी पंखाकडे पाहिलं. तो किंचित वर वाकला होता, आम्ही हिशेब केला होता तेवढाच. बाईंनी एक वळण घेतलं आणि विचारलं, "ठीक?" मी अंगठा दाखवला.

खाली आल्यावर बाबांनी विचारलं, "काय वाटलं?"

"पंख वर वाकतो, बाबा. खरंच वाकतो."

"मग काय, वाळूत वाकला तर हवेत नाही वाकणार?" ते म्हणाले आणि रुमालानं डोळे पुसले.

अशी आणखी काही विमानं आम्ही बनवली. फार नाही. मोठी कंपनी आम्ही कधीच झालो नाही. दर वेळी पंख भिंतीवरून गेले आणि दर वेळी कॉलनीतली थोडी नवी माणसं ओळखीची झाली. पण चारही बाजूंनी मजले चढत गेले, धूळ डोपवर बसू लागली, आणि मग शेड विकायचं मीच ठरवलं. बिल्डरच्या माणसाशी बोलायला मी एकटी गेले. नवऱ्याला आश्चर्य वाटलं. मी त्याला म्हणाले, "विकतेय ती जागा. काम नाही."

त्या पैशातून आम्ही रेवाडीच्याही पुढे, एका जुन्या धावपट्टीशेजारी मोठी जागा घेतली. बाबांनी नव्या शेडचा पाया पाहिला, छप्पर पाहायला ते राहिले नाहीत. आई माझ्याबरोबर आल्या. वीरजींनी आपल्या पुतण्याला पाठवलं आणि स्वतः दर महिन्याला बसनं येऊन त्याच्या कामात चुका काढू लागले.

नवी शेड उघडली त्याच सकाळी एका क्लबचा फायबरचा ग्लायडर ट्रकवरून आला. मैदानावर उतरताना झाडाला लागून त्याचा पंख टोकाकडे चिरला होता. फायबरचं काम मला धड येत नव्हतं, शिकावं लागणार होतं. ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, यहाँ ठीक हो जाएगा ना?"

"उतारो," मी म्हणाले, आणि आम्ही सगळे मिळून दोर सोडायला लागलो.